मागचं डिफरन्शियल किती मजबूत हवं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

इंजिन बदललं, गिअरबॉक्स बदलला, आता मागे कोणतं डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरसंच) टाकू, असं विचारणारी पत्रं थांबत नाहीत. बहुतेक पत्रांत इंजिनाचे हॉर्सपॉवर अगदी आवर्जून लिहिलेले असतात. गाडीचं वजन, टायरचं माप आणि पहिल्या गिअरचं प्रमाण मात्र जवळजवळ कुणीच कळवत नाही, आणि नेमकी तीच माहिती मला लागते. गोंधळ सगळ्यांचा एकच असल्यामुळे काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : सगळ्यात मजबूत डिफरन्शियल कोणतं?

गाडीचं वजन, टायर आणि वापर सांगितल्याशिवाय याला उत्तर नाही.

प्रश्न : माझी गाडी साधारण १,४०० किलोची आहे. ५०० न्यूटन-मीटर टॉर्कचं (म्हणजे फिरवण्याच्या जोराचं) इंजिन बसवलंय. विक्रेता म्हणतो, त्याचं डिफरन्शियल 'हजार हॉर्सपॉवरला चालतं'. मग डोळे झाकून घ्यायला हरकत नाही ना?

हरकत आहे. डिफरन्शियलमधल्या क्राउन-पिनियनला, म्हणजे मोठा गिअर आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर या जोडीला, हॉर्सपॉवर कळत नाही. त्याला कळतो तो टॉर्क, आणि तो टॉर्क किती झटक्याने आला ते.

हिशेब मांडून बघा. पहिल्या गिअरचं प्रमाण ३.५ आणि क्राउन-पिनियनचं ३.९ धरलं, तर ५०० × ३.५ × ३.९ म्हणजे ६,८२५ न्यूटन-मीटर. इंजिन चाकांपाशी एवढा टॉर्क पोचवू शकतं. पण टायर तेवढा घेऊ शकतील का? गाडी जोरात निघताना मागच्या चाकांवर ९०० किलो भार आला, टायरची त्रिज्या ०.३२ मीटर आणि पकडीचा गुणांक १ धरला, तर सुमारे २,८०० न्यूटन-मीटरलाच चाकं घसरतात. म्हणजे इंजिन देऊ शकतं त्याच्या निम्मा टॉर्कही डिफरन्शियलपर्यंत टिकून पोचत नाही. आता त्याच गाडीला मोठे, मऊ रबराचे ड्रॅग टायर लावा. त्रिज्या ०.३६ आणि पकड १.५ धरली, तर हाच आकडा ४,७५० च्या वर जातो. इंजिन तेच, हॉर्सपॉवर तेवढेच, पण भार जवळजवळ १.७ पट. कालपर्यंत टिकलेलं डिफरन्शियल आज फुटतं ते यामुळे, आणि दोष मात्र इंजिनाला दिला जातो.

हा झाला शांतपणे चढणारा भार. क्लच एकदम सोडला की फिरत्या फ्लायव्हीलमधली (इंजिनाच्या जड चक्रातली) सगळी ताकद क्षणात दात्यांवर येते. चाकं उड्या मारायला लागली, म्हणजे टायर पकडतोय, सुटतोय, परत पकडतोय असं झालं, तर हा घणाघात एका सेकंदात अनेक वेळा होतो. दाता तुटतो तो बहुधा अशा वेळी. त्यामुळे सस्पेन्शनचे बुश (रबरी सांधे) सैल ठेवून महागडं डिफरन्शियल आणण्यात काही अर्थ नाही.

आता तुम्हीच सांगा, 'हजार हॉर्सपॉवर' या शब्दांत वजन कुठे आहे? टायर कुठे आहे? क्लच आहे की टॉर्क कन्व्हर्टर, हे तरी कुठे आहे? हा आकडा माल खपवण्यासाठी लिहिलेला असतो. विक्रेत्याकडे चार गोष्टी लेखी मागा: क्राउनचा व्यास, एक्सल शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) व्यास आणि स्प्लाइनची (शाफ्टच्या टोकावरच्या खाचांची) संख्या, सतत सोसता येणारा टॉर्क, आणि थोड्या वेळापुरता सोसता येणारा कमाल टॉर्क. शाफ्टच्या व्यासाकडे दुर्लक्ष करू नका. नेहमीचा ३१ स्प्लाइनचा शाफ्ट सुमारे १.३२ इंचाचा असतो, ३५ स्प्लाइनचा १.५ इंचाचा. फरक किरकोळ वाटतो, पण पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. पोलाद तेच असेल, तर मोठा शाफ्ट जवळजवळ दीडपट पीळ सोसतो. विक्रेता हे आकडे द्यायला टाळाटाळ करत असेल, तर तिथून घेऊ नका. आणि आकडे मिळाले, तरी पैसे भरण्याआधी ते ड्राइव्हलाइनचं (गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंतच्या भागांचं) काम करणाऱ्या जाणत्या माणसाला दाखवा.

प्रश्न : फोर्डचं ९ इंची (क्राउनच्या व्यासाचं) डिफरन्शियल बसवू की डाना कंपनीचं डाना ६०? मित्र म्हणतात, ९ इंची टाकलं की चिंता मिटली.

मित्र बरोबर आहेत की नाही, हे तुमच्या गाडीवर ठरेल. फोर्डने ९ इंची १९५७ पासून गाड्यांमध्ये दिलं. त्याचा गिअरचा गाळा समोरून अख्खा बाहेर निघतो, म्हणून प्रमाण बदलणं सोपं. पिनियनच्या टोकालाही तिसरं बेअरिंग आहे, त्यामुळे भाराखाली पिनियन हटत नाही. पण पिनियन क्राउनच्या मध्यरेषेपासून बराच खाली बसतो, दाते एकमेकांवर जास्त घासतात, उष्णता वाढते आणि थोडी ताकद वाया जाते. डाना ६० चा क्राउन ९.७५ इंचाचा. तो मुळात जड कामाचा, आणि वजनालाही तसाच. हे सगळं वजन स्प्रिंगच्या खाली येतं, त्यामुळे हलकी गाडी खड्ड्यावर टणाटण उडते. हजार-बाराशे किलोच्या, रस्त्यावरच चालणाऱ्या गाडीला फोर्डचं ८.८ इंची किंवा, सस्पेन्शन स्वतंत्र (प्रत्येक चाकाचं वेगळं) असेल तर, निस्सानचं आर२०० बऱ्याचदा पुरतं. ८.८ मध्ये एक्सल शाफ्ट आतून सी-क्लिपने (सी आकाराच्या कडीने) अडकवलेला असतो. शाफ्ट तुटला तर चाकासकट बाहेर येऊ शकतो, हे लक्षात घेऊन वर्कशॉपशी पर्यायांबद्दल बोला. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये बाजूचे शाफ्ट, सीव्ही जॉइंट (शाफ्टचे वाकूनही फिरणारे सांधे) आणि डिफरन्शियलची माउंटिंगही तपासून घ्या. बऱ्याचदा आधी तीच जातात.

प्रश्न : क्राउन-पिनियनचं ४.१ चं प्रमाण काढून ३.३ टाकलं तर?

०.३२ मीटर त्रिज्येच्या टायरवर आणि ०.८ च्या टॉप गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटरला इंजिन सुमारे २,७०० ऐवजी २,२०० आरपीएमवर फिरेल. कमी आरपीएमला भरपूर टॉर्क देणाऱ्या इंजिनाला हे मानवतं. आरपीएम वर चढल्यावरच जीव धरणारं छोटं पेट्रोल इंजिन मात्र सुटताना गुदमरेल आणि क्लच जाळेल. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: एकाच मापाच्या क्राउनमध्ये प्रमाणाचा आकडा जितका मोठा, तितका पिनियन बारीक आणि त्याला दाते कमी. त्यामुळे नुसत्या पिकअपसाठी ४.८८ वर उडी मारणाऱ्यांनी आधी गिअरबॉक्सची सगळी प्रमाणं कागदावर मांडावीत.

प्रश्न : फोर-बाय-फोरच्या पुढच्या एक्सलचा गाळा मागे बसवता येईल का?

दात्यांची कापणी बघितल्याशिवाय नको. दात्याची एक बाजू पुढे जातानाचा भार घेण्यासाठी असते, दुसरी इंजिन ब्रेकिंगसाठी. पुढच्या एक्सलचे काही संच उलट कापलेले असतात. ते मागे लावले, तर रोजचा सगळा भार दुबळ्या बाजूवर जातो. उलटं-सुलटं करून बसवलेल्या हौसिंगमध्ये (बाहेरच्या कवचात) पिनियनच्या बेअरिंगला ऑइल पोचेल का, हा प्रश्न वेगळाच. हौसिंग वेल्ड करण्याआधी पिनियन हाताने फिरवा आणि चाकं कोणत्या दिशेला फिरतात ते बघा. ती उलटी फिरली, तर गाडीला पुढचा एक आणि मागचे पाच गिअर मिळतील.

प्रश्न : लिमिटेड स्लिप (एकच चाक घसरत राहणं रोखणारं डिफरन्शियल) परवडत नाही. स्पायडर गिअरला (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या आतल्या छोट्या गिअरला) वेल्ड मारून लॉक करू?

रस्त्यावरच्या गाडीत अजिबात नाही. वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं. ते अडवलं की टायर घासतात, ओल्या रस्त्यावर मागचा भाग सुटतो आणि एक्सल शाफ्ट सतत पिळला जातो. शिवाय वेल्डचा एखादा तुकडा सुटून क्राउनमध्ये गेला, तर चालत्या गाडीची मागची चाकं जाम होऊ शकतात.

प्रश्न : ऑइल कोणतं?

हायपॉइड गिअरला (पिनियन मध्यरेषेपासून हटून बसलेल्या) जीएल-५ दर्जाचं, आणि ग्रेड उत्पादकाने सांगितलेली. क्लच-प्लेटवालं लिमिटेड स्लिप असेल, तर फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण बदलणारं मिश्रण) लागतो का ते त्याच्याच पुस्तिकेत बघा.

प्रश्न : इलेक्ट्रिक मोटर बसवतोय. जुनं डिफरन्शियल टिकेल?

कदाचित. मोटर शून्यापासूनच पूर्ण टॉर्क देते आणि रीजनरेशनमध्ये (गाडी मंदावताना बॅटरी चार्ज करते तेव्हा) दात्याच्या उलट्या बाजूवर रोज भार टाकते. कंट्रोलरमध्ये टॉर्क हळू चढेल असं सेटिंग ठेवा, रीजनरेशन मर्यादित ठेवा, आणि हिशेब कन्व्हर्जन करणाऱ्या अभियंत्याकडून तपासून घ्या.

प्रश्न : नवीन क्राउन-पिनियन बसवून दोन महिने झाले. अॅक्सिलरेटर दाबला की हूंऽऽ असा आवाज येतो, सोडला की थांबतो. मेकॅनिक म्हणतो, चालवत राहा, सेट होईल.

दोन महिने का थांबलात? क्राउन-पिनियन आवाज करत 'सेट' होत नाही, झिजतो. भार दिल्यावर येणारा आणि सोडल्यावर थांबणारा आवाज बहुतेकदा दाते चुकीच्या जागी टेकत असल्याची खूण असते. दोन्ही वेळी सारखी घरघर आली असती, तर आधी बेअरिंगवर संशय घेतला असता.

गाडी उचलून कव्हर उघडायला लावा. क्राउनच्या तीन-चार दात्यांना मार्किंग पेस्ट लावा, क्राउनला थोडा अडथळा देत पिनियन फिरवा आणि उमटलेला ठसा समोर बसून बघा. ठसा दात्याच्या उंचीच्या मधोमध हवा. तो मुळाशी खोल गेला असेल तर पिनियन जास्त आत आहे, माथ्याकडे सरकला असेल तर जास्त बाहेर. बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) डायल गेजने मोजा. बऱ्याच रस्त्यावरच्या संचांना ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर चालतो, पण तुमच्या संचाचा आकडा उत्पादकाच्या कागदावर असेल, तोच धरा. नुसता हाताने हलवून 'बरोबर आहे' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पुन्हा जोडताना क्रश स्लीव्ह (पिनियनच्या बेअरिंगमधली दबणारी नळी) नवीनच घाला. एकदा दबलेली परत वापरली, तर पिनियन बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) टिकत नाही.

ठसा चुकीचा निघाला आणि दात्यांवर ओरखडे असले, तर शिम (जागा जुळवणाऱ्या पातळ चकत्या) बदलून भागणार नाही, जोडीच बदलावी लागेल. तोवर गाडी बाहेर काढू नका. आणि तपासणी दुसऱ्या वर्कशॉपकडून करून घ्या.

प्रश्न : हा बदल नोंदवावा लागतो का?

गाडी जिथे नोंदलेली आहे तिथल्या नोंदणी कार्यालयाला आणि विमा कंपनीला काम सुरू करण्याआधी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.