ट्रेकिंगचा चांगला अनुभव आहे. स्टॅमिना आहे, वेग आहे, अवघड वाटाही केल्या आहेत. हरवलेल्या माणसांच्या शोधकार्यात स्वयंसेवक म्हणून उपयोग होईल का? तयारी काय करावी?

उपयोग होईल. पण तुम्ही प्रश्नात स्टॅमिना, वेग, अवघड वाटांचा अनुभव असं जे सगळं लिहिलंय, त्याचा शोधात फारसा उपयोग होत नाही. भटक्या माणसाला पुढे जायची सवय लागलेली असते, आणि शोधात तीच आड येते. हे मी एका जुन्या मित्राला आजही पटवून देऊ शकलेलो नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्मृतिभ्रंश झालेले एक आजोबा घरातून निघून गेले होते. घर जंगलाच्या कडेला, हातात काठी, पायात रबरी चपला. आमच्या ट्रेकिंग ग्रुपला मदतीला बोलावलं आणि नकाशावर सेक्टर वाटून दिले. मित्राच्या तुकडीला घरामागचं सपाट झुडपी रान आलं, आम्हाला त्याला लागून असलेला ओढा. मित्र तिथेच चिडला. "आम्हाला कड्याखाली पाठवा, झुडपं काय कुणीही बघेल." तरी गेला, आणि आमचा निम्मा ओढाही झाला नव्हता तेव्हा वॉकी-टॉकीवर त्याचा आवाज आला: सेक्टर पूर्ण.

ओढ्याच्या काठी ओल्या मातीत मला एक गोल ठसा दिसला. काठीच्या बुडाला रबरी टोपण असतं ना, त्याचा. शेजारी चपलेची टाच, पाय ओढत टाकल्यासारखी मागे लांबलेली. पुढचे ठसे मात्र गेलेले होते, कारण सकाळीच कुणीतरी हौशी मंडळी तिथून ट्रेकिंग पोल टेकत गेली होती आणि सगळ्या चिखलाची चाळण झाली होती. मी मागच्यांना जागच्या जागी थांबवलं, ठशाभोवती काटक्या रोवल्या, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढला आणि रेडिओवर कळवलं. टाचेची दिशा मित्राच्या 'पूर्ण' सेक्टरकडे होती.

संयोजकांनी तिथे दुसरी तुकडी घातली. मित्र भडकला, "मी बघितलंय ना तिथे!" आजोबा तिथेच सापडले, काटेरी जाळीच्या आत, बसलेले. जिवंत होते. सगळे दिवसभर त्यांच्या नावाने ओरडत होते, त्यांनी एकदाही ओ दिली नव्हती.

मित्र अजून म्हणतो, "नशीब. त्या जाळीत कोण शिरेल?" अरे, स्मृतिभ्रंश झालेला माणूसच शिरतो. अशी माणसं बऱ्याचदा वाट सोडून समोर चालत राहतात, ती कशात तरी अडकेपर्यंत. हाकेला उत्तर देतीलच असं नाही, मदतीसाठी ओरडतीलच असंही नाही. जाळी बघायची राहिली याचा मला राग नाही, ते कुणाचंही राहतं. राग आहे तो न बघता 'पूर्ण' म्हणण्याचा.

कारण शोध चालतो तो आकड्यांवर. दुसऱ्या महायुद्धात बर्नार्ड कूपमन या गणितज्ञाने अमेरिकी नौदलासाठी पाणबुड्या शोधण्याचं गणित मांडलं, त्याच पायावर आज जमिनीवरचे शोधही आखले जातात. समजा एका सेक्टरमध्ये माणूस असण्याची शक्यता ४० टक्के धरली आणि तुम्ही इतकं बघितलं, की तो तिथे असता तर दिसण्याची शक्यता ५० टक्के होती. काही सापडलं नाही. तरी तो तिथे असण्याची शक्यता २५ टक्के उरतेच, शून्य होत नाही. मात्र तुम्ही 'पूर्ण' म्हणालात की संयोजक माणसं दुसरीकडे हलवतो. म्हणून "जाळ्यांच्या आत बघता आलं नाही, निम्मंच दिसलं" एवढं एक वाक्य कड्यावर चढण्यापेक्षा मोलाचं आहे.

मित्राचा ठेवणीतला दाखला म्हणजे थाम लुआंग. २०१८ मध्ये थायलंडच्या त्या गुहेत अडकलेली १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक २ जुलैला सापडले ते रिक स्टँटन आणि जॉन व्होलँथन या ब्रिटिश डायव्हरांना. एक निवृत्त अग्निशमन जवान, दुसरा आयटी सल्लागार, गुहेतलं डायव्हिंग दोघांचाही छंद. "बघ, हौशीच होते!" होते ना. पण त्यांना बोलावून घेतलं होतं, आणि गुहांमधल्या बचावकामाचा कित्येक वर्षांचा अनुभव गाठीशी होता. त्याच गुहेत हवेच्या टाक्या पोचवून परतताना समान कुनान हा थाई नौदलाचा माजी सील कमांडो ६ जुलैला मरण पावला. हा दाखला देऊन कुणी परस्पर डोंगरात घुसू नये.

आता तयारीचं. बोलावल्याशिवाय जाऊ नका, आधीच एखाद्या पथकात नाव नोंदवून प्रशिक्षण घ्या. जीपीएसचा ट्रॅक कायम चालू ठेवा, तुम्ही कुठून गेला नाहीत हे त्यावरूनच कळतं. मागे वळून बघा, कारण बसलेला माणूस चढताना दगडाआड जातो आणि वरून सहज दिसतो. शिट्टी सगळ्यांनी एकाच वेळी वाजवायची आणि मग सगळ्यांनीच गप्प राहून ऐकायचं. वस्तू सापडली तर उचलू नका. स्वतःचा ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका, हेलिकॉप्टर त्यामुळे थांबवावं लागू शकतं.

हे मी मुख्यतः म्हाताऱ्या माणसांच्या शोधावरून लिहिलंय. मुलांचं वेगळं असतं. २००५ मध्ये अमेरिकेत यूटाच्या डोंगरांत हरवलेला ११ वर्षांचा मुलगा चार दिवसांनी सापडला. शोधणारे दिसले तरी तो लपत होता, कारण अनोळखी माणसांशी बोलायचं नाही असं त्याला शिकवलेलं होतं. त्यामुळे लहान मुलाला हाक मारताना काय म्हणायचं ते घरच्यांना विचारूनच निघा.

आणि सापडणारा माणूस जिवंत असेलच असं नाही. ते बघणं जमणार नसेल तर नाव नोंदवतानाच स्पष्ट सांगा, त्यात कमीपणा काही नाही. तळावर नकाशे आणि रेडिओच्या नोंदी सांभाळणारी माणसंही लागतातच.