कडेच्या खुर्चीवरचे गृहस्थ

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी दिग्दर्शनाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा २२ मिनिटांचा डिप्लोमा लघुपट मागच्या महिन्यात पहिल्यांदाच बाहेरच्या प्रेक्षकांना दाखवला. शेवटी घराला कुलूप लावून निघालेले आजोबा एसटी स्टँडवर उभे असतात. गाडी येते, जाते, ते तिथेच. दिवे लागले आणि एका गृहस्थांनी विचारलं, "यातून तुम्हाला काय सांगायचंय?" मी म्हटलं, "ते प्रेक्षकांनी ठरवायचं." त्यावर ते म्हणाले, "मग तुम्हाला पुढे कशाला बोलावलंय?" सगळे हसले. माझ्या तोंडून पुढे शब्द फुटला नाही. आता सांगलीला, आमच्या गावातच खेळ आहे. सगळे नातेवाईक येणार. काय बोलायचं असतं अशा वेळी?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : त्या गृहस्थांना मी ओळखते. दुसरी रांग, कडेची खुर्ची, मांडीवर कापडी पिशवी. प्रत्येक फिल्म क्लबात ते असतात, आणि खरं सांगू, ते आले नाहीत तर चर्चा दहा मिनिटांत आटोपते. तुझं उत्तर चूक नव्हतं, पण ऐकणाऱ्याला ते दार लावून घेतल्यासारखं वाटतं. त्यांना संदेशबिंदेश नको होता गं. आजोबा गाडीत चढले नाहीत हे त्यांना लागलं होतं. आणि लागलंय हे सांगायला आपल्याला शाळेपासून एकच वाक्य येतं : या धड्यातून काय बोध मिळतो?

माझ्या डिप्लोमाच्या वेळचं सांगते. मी संकलनाची. तेव्हा स्टीनबेकवर, म्हणजे संकलनाच्या टेबलावर, फिल्म कापायची, बोटांना कायम चिकटपट्टी. विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बाईचा एक लांबलचक शॉट होता आणि त्यातला रहाटाचा आवाज मी पूर्ण काढून टाकला होता. ध्वनीचा मित्र म्हणत होता, थोडा तरी राहू दे. ऐकलं नाही. खेळानंतर एका बाईंनी विचारलं, "मध्ये मशीन बिघडलं होतं का?" मी त्यांना शांततेवर पाच मिनिटं व्याख्यान दिलं. बिचाऱ्या मान हलवत बसल्या. खोलीवर परतताना माझ्या डोक्यात उजेड पडला : समोर रहाट फिरतोय आणि कानात काहीच नाही, म्हणजे स्पीकर गेला असंच कुणालाही वाटणार. दुखतंय कुठे ते प्रेक्षक बरोबर सांगतो. रोगाचं नाव तेवढं चुकतं.

म्हणून आधी उलट विचार, "गाडी निघून गेली तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" मग तुझं सांग, पण अर्थ नको, निर्णय सांग. आजोबा चढतात असाही शेवट लिहिला होता का? स्टँड खरा होता की उभारलेला? गाडी किती वेळा मागे घ्यायला लावली? अशा गोष्टी निघाल्या की लोक सरसावून बसतात.

प्रेक्षक स्वतःचं काहीतरी घेऊन येतो, त्याचीही तयारी ठेव. २०२४ साली कान महोत्सवात विद्यार्थ्यांच्या लघुपटांचं पहिलं बक्षीस पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेतल्या चिदानंद नाईक यांच्या लघुपटाला मिळालं. १६ मिनिटांचा, वर्षाअखेरीचा सराव म्हणून ४ दिवसांत चित्रित केलेला. कन्नड लोककथा : म्हातारी कोंबडा पळवते आणि गावात दिवसच उजाडत नाही. आता मराठी माणसाला हे ऐकताक्षणी काय आठवणार? कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही! इथे तर ते राहिलंच. तो माणूस हा प्रश्न घेऊनच उठणार, आणि दिग्दर्शकाच्या डोक्यात ही म्हण कधी आलीही नसेल. अशा वेळी "माझ्या मनात हे नव्हतं" एवढं मोकळेपणी सांगावं.

आणि माइक एकटीने धरून ठेवू नकोस. छायाचित्रण, संकलन, ध्वनी यांचाही डिप्लोमा त्याच २२ मिनिटांवर आहे. ध्वनीचा मुलगा नेहमी शेवटी, पाण्याची बाटली हातात घेऊन उभा असतो. स्टँडवरच्या आवाजांबद्दल कुणी विचारलं की त्याच्याकडे बोट दाखव.

सांगलीत लवकर पोच, रिकाम्या हॉलमध्ये आवाज ऐकून घे. माणसं भरली की तो बसतो, थोडा वाढवून ठेव. खेळ चालू असताना मात्र मागच्या भिंतीला टेकून उभी राहा आणि पडद्याकडे बघूच नकोस. डोकी बघ. खोकला कुठे सुरू होतो, मोबाइलचा उजेड कितव्या मिनिटाला दिसतो, ते लिहून ठेव.

मामा विचारतील, "टॉकीजला कधी लागणार?" सरळ सांग, लागणार नाही, महोत्सवांत आणि क्लबांत फिरेल. यूट्यूबवर टाक म्हणाले तर थांब. डिप्लोमा फिल्मची निर्माती संस्था असेल तर आधी तिची परवानगी लागते.

ते आजोबा का चढले नाहीत, ते मात्र मला कळव. पत्रात लिहायचं राहिलंय.