यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहून बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना इंटर्नशिप कशी मिळवू?

आधी एक गैरसमज काढून टाक. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना महिना 10,000 रुपये विद्यावेतन ठरलं, पण ती योजना शिक्षण चालू असलेल्यांसाठी नाही. पदवी झाल्यावर महास्वयम् या राज्य सरकारच्या रोजगार पोर्टलवर नोंदणी कर. आत्ता त्यामागे सेतू केंद्राच्या चकरा मारू नको.

तुझ्यासाठी खरी जागा जवळच आहे. दिवाळीच्या सुमारास कापूस यायला लागला की जिनिंगवाल्यांना, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांना, वजनाच्या पावत्या, जीएसटीची बिलं, शेतकऱ्यांचे चुकारे लिहायला माणूस लागतो. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकून घे आणि सप्टेंबरातच जाऊन भेट. हंगाम सुरू झाल्यावर शेठला बोलायलाही फुरसत नसते. मी असाच लागलो होतो. पहिले पंधरा दिवस नुसत्या पावत्याच लावल्या, कंटाळा आला, पण हिशेब तिथंच समजला. तालुक्याच्या सीए किंवा कर सल्लागाराकडेही विचार, जुलैत रिटर्न भरायची गर्दी असते. पैसे कमीच देतील. निघताना लेटरहेडवर अनुभवाचं पत्र मात्र मागून घे.

कॉलेजात 'कमवा आणि शिका' आहे का तेही बघ. आणि व्हॉट्सॲपवर कोणी इंटर्नशिपसाठी 'नोंदणी फी' मागितली तर सरळ ब्लॉक कर गड्या.