मशीनवर शिवलेली धमनी

प्रश्न : डॉक्टरसाहेब, ह्यांचं वय 76. सोनोग्राफीत पोटातली मोठी धमनी फुगलेली निघाली, 5.8 सेंटीमीटर. सर्जन म्हणतात, तिथे कापडाची नळी बसवू. कापडाची? मी चाळीस वर्षं लोकांचे ब्लाउज शिवले, पण कापड आणि रक्त हे गणित मला जमेना. नातू म्हणतो, ही नळी काढणाऱ्या डॉक्टरलाच म्हातारपणी तीच बसवावी लागली. हे खरं की मोबाइलवरचं काहीतरी? आणि या वयात पोट उघडू द्यावं का? (हे अजून दिवसाला चार-पाच सिगारेटी ओढतात. सांगून थकले.)
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, नातू खरं बोलतोय. आणि कापडही खरंच कापड आहे, तुमच्या हाताखालून गेलेलं. अमेरिकेत त्याला डेक्रॉन म्हणतात. आपल्याकडे त्याच जातीच्या पॉलिएस्टर धाग्याला टेरिलीन म्हणायचे. माझे वडील क्लॉथ मार्केटात मुनीम होते. पहिली टेरिलीनची पँट शिवली तेव्हा महिनाभर घरी एकच कौतुक : आटत नाही, कुजत नाही, इस्त्री लागत नाही. धमनीत बसवायच्या कापडातही सर्जन हेच बघतो, इस्त्री सोडून.

ते डॉक्टर म्हणजे मायकेल डेबेकी. जन्म 1908, लुइझियानातल्या लेक चार्ल्स गावी. आईवडील लेबनॉनहून आलेले. शिवणकाम त्यांना आईनं शिकवलं, आणि ते मुलगा असूनही शिकले, हे तुम्हाला मुद्दाम सांगतो. 1950 नंतरची गोष्ट. ह्यूस्टनमध्ये ते दुकानात नायलॉन आणायला गेले. नायलॉन संपलं होतं. विक्रेती म्हणाली, हे नवीन आलंय, डेक्रॉन, बघा. घेतलं, घरी आले, दोन तुकडे एकावर एक ठेवून बायकोच्या शिलाई मशीनवर दोन्ही कडा शिवल्या. झाली नळी! कापडी नळीची कल्पना मात्र एकट्या त्यांची नव्हे. न्यूयॉर्कचे सर्जन व्हूरहीस यांनी वेगळ्या कापडावर आधीच सुरुवात केली होती. डेबेकींचं कापड टिकलं. पुढे शिवण नसलेली नळी विणायचं यंत्र निघालं, आणि नळी वाकून चेपू नये म्हणून तिला चुण्या आल्या, परकराला असतात तशा.

मग रक्त गळत नाही का? गळतं. मी सैन्यात ज्युनिअर सर्जन असताना गळती थांबवायचं काम माझ्याकडे असे. रक्त गोठू न देणारं हेपारिन देण्याआधी पेशंटचंच थोडं रक्त काढायचं, स्टीलच्या किडनी ट्रेमध्ये नळीवर ओतायचं आणि बोटांनी चोळत बसायचं. पांढरं कापड लाल होई, मग काळपट. छिद्रांत रक्त गोठून ती बुजत. घाई केली की साहेब ट्रे परत माझ्याकडे सरकवत, एक शब्दही न बोलता. आता नळ्या कोलॅजन किंवा जिलेटिनचा लेप लावूनच येतात. नव्या मुलांना ते चोळणं माहीतही नाही.

मी डेबेकींना मानतो ते मात्र त्यांच्या लष्करी कामासाठी. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्याच्या सर्जन जनरलच्या कचेरीत होते, कर्नलपदापर्यंत चढले. त्यांनी आणि सिमिओनी यांनी 1946 मध्ये 2,471 जखमी धमन्यांचा हिशेब मांडला. धमनी नुसती बांधून टाकली, तर जवळजवळ निम्म्या जवानांचा हात किंवा पाय कापावा लागला होता. शिवलेल्या धमन्या होत्या फक्त 81. शिवायचं म्हणजे वेळेत शिवायचं, आणि त्यासाठी सर्जननंच आघाडीजवळ जायचं. मॅश नावाची तंबूतली फिरती इस्पितळं याच विचारातून उभी राहिली. त्या आखणीत डेबेकी होते. कोरियाच्या युद्धात जखमी लवकर पोचू लागले, धमन्या शिवल्या जाऊ लागल्या आणि अवयव कापण्याचं प्रमाण 13 टक्क्यांच्या आसपास उतरलं. त्याच कोरियात लेफ्टनंट कर्नल रंगराज यांची आपली 60 पॅराशूट फील्ड अँब्युलन्स, म्हणजे भारतीय सैन्याची वैद्यकीय तुकडीही होती, पण तो विषय निघाला की मी थांबत नाही. महूच्या मेसमध्ये लोक उठून जात.

आता म्हातारपणाचं. 2005 च्या 31 डिसेंबरला डेबेकींच्या छातीत कळ आली. वय 97. महाधमनीचा, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीचा, थर फाटलाय, हे त्यांनी स्वतःच ओळखलं. त्या आजाराचे प्रकार त्यांच्याच नावानं शिकवले जातात. ऑपरेशनला मात्र ते नाही म्हणाले, तसं लिहूनही ठेवलं. फेब्रुवारीत शुद्ध हरपली. भूल देणारे कचरले, इस्पितळाच्या नीतिसमितीची बैठक बसली, शेवटी बायको आत शिरली आणि सुरू करा म्हणाली. शिष्य जॉर्ज नून यांनी सुमारे सात तास खपून डेक्रॉनची नळी बसवली. बरं व्हायला कित्येक महिने लागले, पण नंतर ते म्हणाले, केलंत ते बरं केलंत. जुलै 2008 मध्ये गेले, शंभरीला दोन महिने उरले असताना.

यावरून वय बघूच नका, असं मी म्हणणार नाही. पुरुषांत साधारण 5.5 सेंटीमीटरच्या पुढे फुगा फुटण्याचा धोका ऑपरेशनच्या धोक्यापेक्षा मोठा धरतात, म्हणून तुमचे सर्जन घाई करताहेत. जांघेतून नळी सरकवायची सोय ह्यांच्या धमनीत बसेल का, तेवढं त्यांना विचारा. तीही कापडाचीच असते, पण पोट उघडावं लागत नाही. आणि ह्यांना काय हवंय ते आत्ता, शुद्धीत असताना, विचारून ठेवा.

राहिला तुमचा कंस. डेबेकी आणि त्यांचे गुरू ऑक्सनर यांनी 1939 मध्येच फुप्फुसाच्या कॅन्सरमागे सिगारेटकडे बोट दाखवलं होतं. पुष्कळ डॉक्टरांनी तेव्हा त्यांना हसण्यावारी नेलं. या फुग्यामागेही बहुतेक वेळा तीच असते. आजपासून बंद, चार-पाचही नकोत. हे उत्तर तुम्ही वाचून दाखवू नका, नातवाला वाचायला लावा.