बिटकॉइन "कुणाला दिसत नाही" असं ज्याने सांगितलं त्याचं ऐकू नकोस

तुझे प्रश्न खरं तर तीन आहेत पण तुझ्या पोस्टखालच्या भांडणात सगळ्याचा एकच गोळा झालाय, म्हणून जरा सावकाश लिहितो. एक, कोथरूडच्या तुझ्या मामांना कुणीतरी हॉटेलच्या हॉलमधल्या सेमिनारला नेलं आणि महिन्याला आठ टक्के देणाऱ्या क्रिप्टो स्कीममध्ये रिटायरमेंटचे पैसे टाका म्हणून मागे लागलेत. दोन, तुझे स्वतःचे थोडे बिटकॉइन एक्स्चेंजवर (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपनीकडे) पडून आहेत ते स्वतःच्या वॉलेटमध्ये (जिथे चावी आपल्याच हातात असते) घ्यावेत का. तीन, त्या भांडणात एकजण म्हणतोय बिटकॉइन आणि टेलिग्राम वापरलं की सरकारला काही दिसत नाही, आणि दुसरे काका म्हणतायत एन्क्रिप्शन (चावीशिवाय वाचता येऊ नये म्हणून माहिती गणिताने कुलूपबंद करणं) ही चोरांचीच सोय, सरकारने ते फोडायची सोय ठेवलीच पाहिजे. मला दोघांचंही पटत नाही. मी नेटवर्क सिक्युरिटीत काम करतो आणि इतक्या वर्षांत बघितलेल्या प्रकरणांत एन्क्रिप्शनचं गणित तुटलं म्हणून माणूस बुडाला असं जवळपास होतच नाही, चावी भलत्याच्या हातात गेली म्हणून बुडाला असं मात्र सारखं होतं. तेवढं धरून बाकीचं वाच.

मामांचं आधी, कारण ते घाईचं आहे. फोनवर समजावत बसू नकोस, सरळ घरी जा, आणि एक रुपयाही ट्रान्सफर होऊ देऊ नकोस. महिन्याला आठ टक्के म्हटल्यावर पुण्यातल्या माणसाला तरी गेनबिटकॉइनचा घोटाळा आठवायला पाहिजे. तिथे महिन्याला १० टक्के असे १८ महिने देणार म्हणून सांगितलं होतं, लोकांनी बिटकॉइन दिले आणि पुढे परताव्याच्या नावाखाली कंपनीचं स्वतःचं टोकन, म्हणजे तिनेच काढलेलं नाणं, हातात पडलं. पुण्यात गुन्हे दाखल झाले, २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य आरोपी अमित भारद्वाजला अटक केली, २०२२ च्या जानेवारीत तो वारला, आणि नंतर सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने प्रकरण सीबीआयकडे गेलं. तेव्हा "आमची मायनिंग चालते, त्यातून देतो" असं सांगायचे. मायनिंग म्हणजे कॉम्प्युटरने बिटकॉइनच्या व्यवहारांची नोंद पक्की करायची आणि बक्षीस म्हणून नवे बिटकॉइन घ्यायचे, अशा नोंदींचा एक गठ्ठा म्हणजे ब्लॉक. आता गणित बघ. जुलै २०१६ नंतर एका ब्लॉकला १२.५ बिटकॉइन मिळायचे, साधारण दहा मिनिटाला एक ब्लॉक, म्हणजे दिवसाला १४४ ब्लॉक आणि १८०० बिटकॉइन, तेही अख्ख्या जगातल्या मायनरना मिळून. तोवर दीड कोटीपेक्षा जास्त बिटकॉइन तयार झालेले होते, म्हणजे वर्षाची वाढ ४ टक्क्यांच्या आसपास. जगभराची मिळून वर्षाला ४ टक्के, आणि हे एकटे महिन्याला १० टक्के देणार? नवीन माणसाचे पैसे जुन्याला दिल्याशिवाय ते जमतच नाही. एप्रिल २०२४ पासून तर ब्लॉकला ३.१२५ झालेत, दिवसाला ४५० च्या आसपास. हे मामांसमोर कागदावर मांड, बँकेत नोकरी केलेला माणूस असेल तर त्याला लगेच कळेल, भाषणाची गरज नाही.

आणि त्या सेमिनारवाल्याला मामांनी एकच प्रश्न विचारायचा, पैसे भरल्यावर प्रायव्हेट की, म्हणजे क्रिप्टो हलवायची गुप्त चावी, कुणाकडे असणार? "ॲपमध्ये बॅलन्स दिसतो की" असं उत्तर आलं तर उठून घरी यायचं. ॲपमध्ये दिसतो तो आकडा त्या माणसाने टाईप केलेला असू शकतो. आधीच काही रक्कम दिली असेल तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका, यूटीआर नंबर (बँकेतल्या ट्रान्सफरचा नंबर) आणि स्क्रीनशॉट जवळ ठेवून. पहिले काही तास फार महत्त्वाचे असतात, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तरच हाती लागतात. मामी ओरडतील म्हणून गप्प बसण्यात लोकांचे ते तास जातात याचं मला खरंच वाईट वाटतं.

या गेनबिटकॉइनच्या केसमध्ये पुढे जे झालं ते फार कमी लोकांना आठवतं. क्रिप्टोचा तपास पोलिसांना नवा होता म्हणून बाहेरच्या तज्ज्ञांची मदत घेतली होती, आणि मार्च २०२२ मध्ये त्यातल्याच दोघांना पुणे पोलिसांनी अटक केली, त्यातले एक माजी आयपीएस अधिकारी. आरोप असा की आरोपींच्या वॉलेटमधली क्रिप्टो स्वतःकडे वळवली. आरोप आहे, मी कुणाला दोषी म्हणत नाही. पण पोलिसांना सुद्धा शेवटी हाच प्रश्न पडला ना, की चावी कुणी कुणी बघितली? सोनं जप्त केलं तर पंचनामा करून कुलपात ठेवता येतं, इथे ज्याने की एकदा वाचली तो घरी बसून सगळं हलवू शकतो आणि की लिहिलेला मूळ कागद जागच्या जागीच असतो.

आता "कुणाला दिसत नाही" वाल्याचं. अरे बाबा, बिटकॉइनची ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासूनची प्रत्येक देवाणघेवाण उघडी आहे, तू आत्ता मोबाईलवर बघू शकतोस. नाव नसतं एवढंच. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर मेंटेनन्स थकलेल्यांची यादी लागते त्यात फक्त फ्लॅट नंबर असतात, पण बी ७०३ मध्ये कोण राहतं हे वॉचमनपासून सगळ्यांना माहीत असतं, तसंच. तू एक्स्चेंजला पॅन, आधार, सेल्फी सगळं देऊन खातं उघडलंस, तिथून ज्या पत्त्यावर पाठवलंस तो पत्ता तुझ्या नावाला चिकटला, आणि तिथून पुढचं सगळं चिकटत जातं. २०२२ पासून तर १ टक्का टीडीएस कापला जातो, नफ्यावर ३० टक्के टॅक्स, एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, आणि मार्च २०२३ पासून एक्स्चेंजेस मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आल्यात. दिसत नाही कुठलं, बँकेच्या एफडीपेक्षा जास्त दिसतं.

बिटफायनेक्स नावाच्या एक्स्चेंजमधून २०१६ मध्ये १,१९,७५६ बिटकॉइन चोरीला गेले. चोराने त्यातले काही तुकडे तुकडे करून इकडून तिकडे फिरवले, डार्कनेट मार्केटमधून (लपून चालणाऱ्या ऑनलाइन बाजारातून) नेले, तरी माग सुटला नाही, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या तपास यंत्रणांनी त्यातले ९४,००० च्या वर परत ताब्यात घेतले. बिटकॉइनचं गणित कुणी फोडलं नाही. प्रायव्हेट कीजची यादी आरोपीच्या क्लाउड स्टोरेजमध्ये एका फाइलमध्ये होती, फाइलला एन्क्रिप्शन होतं, ते तपासवाल्यांना उघडता आलं. एवढी मोठी चोरी करणारा माणूस चाव्या क्लाउडवर ठेवतो, तर आपण काय करत असू बघ.

टेलिग्रामचंही तसंच. तिथलं साधं चॅट एंड टू एंड एन्क्रिप्टेड (फक्त पाठवणारा आणि घेणारा वाचू शकेल असं) नसतं, फक्त सीक्रेट चॅट असतं, ते मुद्दाम चालू करावं लागतं, आणि ग्रुपला तर ती सोयच नाही. तरी सगळ्या स्कीमवाल्यांचे ग्रुप तिथेच, आणि लोकांना वाटतं सेफ आहे. आणि एक, टेलिग्रामवर भेटलेल्या माणसाला यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेली क्रिप्टो) विकून खात्यात पैसे घ्यायचं बिलकुल करू नकोस. समोरून आलेला पैसा कुणाच्या तरी फसवणुकीतला निघतो, मग दुसऱ्याच राज्यातल्या सायबर पोलिसांकडून तुझं खातं फ्रीझ होतं, पगार अडकतो, होम लोनचा हप्ता उडतो, आणि ते सोडवायला तुला तिथल्या पोलिस स्टेशनच्या मागे लागावं लागतं. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या, कशातच नसलेल्या पोरांचं असं झालेलं मी जवळून बघितलंय.

तुझं वॉलेट. एक्स्चेंजवर ठेवलेले बिटकॉइन म्हणजे एक्स्चेंज तुला देणं लागते, एवढंच तुझ्याकडे असतं. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या आपल्याकडच्या एक्स्चेंजच्या वॉलेटमधून २३ कोटी डॉलरच्या आसपास गेले आणि लोकांची क्रिप्टो वर्षाहून जास्त काळ अडकून पडली. ते वॉलेट साधं नव्हतं, एकापेक्षा जास्त जणांच्या सह्या लागायच्या, तरी कंपनीच्याच म्हणण्यानुसार सही करणाऱ्यांना स्क्रीनवर दिसलं एक आणि सही झाली भलत्यालाच. इथे कुणीतरी बँक सेफ म्हणून लिहिलंय, तर गणेशखिंड रोडवरच्या आपल्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटी गेलेच होते, २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले. पण खातेदारांची खाती शाबूत राहिली, नुकसान बँकेच्या अंगावर आलं, आणि बँक पार बुडाली तरी ५ लाखापर्यंत विमा असतो. क्रिप्टोला यातलं काही नाही. म्हणून माझं मत असं की फक्त चढउतार बघायला म्हणून दोन पाच हजार असतील तर एक्स्चेंजवर राहू दे, पण गेले तर घरात रडारड होईल एवढी रक्कम असेल तर स्वतःच्या हार्डवेअर वॉलेटमध्ये (चावी इंटरनेटपासून दूर ठेवणाऱ्या छोट्या यंत्रात) घे, आणि तेही पुढचं नीट करणार असशील तरच.

वॉलेट सुरू केलं की ते तुला १२ किंवा २४ इंग्रजी शब्द देतं, त्यांना सीड फ्रेज म्हणतात आणि तुझ्या चाव्या त्यातूनच बनतात. हे शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात आणि यादी अशी बनवलीये की पहिली चार अक्षरं कुठल्याच दोन शब्दांची सारखी नाहीत, म्हणजे अक्षर जरा पुसलं तरी पहिली चार वाचता आली तर शब्द सापडतो. क्रम महत्त्वाचा, त्यामुळे प्रत्येकापुढे नंबर टाक. जेल पेनने लिहू नकोस, आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या कागदाला ओल धरते आणि शाई फुटते, पेन्सिलने लिही किंवा सरळ धातूच्या पट्टीवर कोरून घे. फोटो काढायचा नाही, कारण फोटो काढला की तो बऱ्याच फोनवर आपोआप गुगल फोटोजवर चढतो, आणि मग चावी तुझ्या ईमेलच्या पासवर्डाएवढीच मजबूत राहते. स्वतःच्या व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवणारे पण आहेत, तेही नको. आणि पैसे हलवायच्या आधी थोडेसेच पाठव, मग वॉलेट पूर्ण पुसून त्या कागदावरून परत उभं करून बघ, जमलं तरच बाकीचे हलव. ही पायरी सगळे गाळतात. शिवाय घरात एका माणसाला तरी माहीत पाहिजे कागद कुठे आहे आणि तो कशाचा आहे, कारण बँकेत नॉमिनी असतो तसा इथे कुणी नसतो, आणि कोर्टातून वारस दाखला आणलास तरी बिटकॉइनला त्याचं काही नाही.

आता त्या काकांना उत्तर, कारण त्यांची तळमळ खरी आहे, फसलेली माणसं बघून ते बोलतायत. काका, तुम्ही यूपीआयने दूधवाल्याला पैसे देता, नेटबँकिंग उघडता, ते सगळं एन्क्रिप्शनवरच चालतं. फक्त पोलिसांसाठी उघडणारं दार असं काही बनवता येत नाही. अमेरिकेत टेलिकॉम कंपन्यांमध्ये चीनशी संबंधित हॅकर्स घुसल्याचं २०२४ मध्ये बाहेर आलं, आणि कोर्टाच्या आदेशाने जे टॅपिंग होतं त्याची माहितीसुद्धा त्यांच्या हाती लागली. कायद्यासाठी ठेवलेली वाट परक्याने वापरली. त्यानंतर तिथल्याच सरकारी अधिकाऱ्यांनी लोकांना सांगितलं की एन्क्रिप्टेड मेसेजिंग वापरा. आपल्याकडे २०२१ च्या आयटी नियमांत मेसेज पहिल्यांदा कुणी पाठवला ते शोधून द्या असं कलम आलं, व्हॉट्सॲप कोर्टात गेलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टात सांगितलं की एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर आम्ही इथून जाऊ. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क म्हणून ठरवलाय, तो फक्त चोरांसाठी नाही, तुमच्या मेडिकल रिपोर्टसाठी पण आहे. गेनबिटकॉइनवाल्यांनी लोकांना एन्क्रिप्शनने नाही गंडवलं, हॉटेलच्या हॉलमध्ये माईक घेऊन, सगळ्यांसमोर गंडवलं.

आपली माहिती खरी फुटते ती कुठून बघा. वाकडला फ्लॅट भाड्याने घ्यायचा म्हटलं की एजंट व्हॉट्सॲपवर आधार मागतो आणि आपण ई-आधारची पीडीएफ पाठवून देतो. ती पीडीएफ एन्क्रिप्टेडच असते, एन्क्रिप्शन चांगलं असतं, पण पासवर्ड काय, तर नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचं साल. नाव फाइलच्या वरच लिहिलेलं, साल चाळीस पन्नास प्रयत्नांत सापडतं, आणि बहुतेक लोक खाली पासवर्डही टाईप करून देतात. मग ती फाइल एजंटच्या फोनमध्ये, तिथून झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर, तिथून कुठे कुणास ठाऊक. जिथे चालतं तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आणि आधारच्या अधिकृत ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून टाका, लागेल तेव्हा उघडता येतं.

व्हॉट्सॲपचं एक राहिलं. २०१६ पासून मेसेज एंड टू एंड एन्क्रिप्टेड आहेत हे बरोबर, पण गुगल ड्राइव्हवर जाणारा बॅकअप तसा नव्हता, त्याची सोय २०२१ मध्ये आली आणि ती आपण चालू करावी लागते. सेटिंग्जमध्ये चॅट्स, मग चॅट बॅकअप, तिथे एंड टू एंड एन्क्रिप्टेड बॅकअप म्हणून आहे, आज रात्रीच चालू कर. पासवर्ड ठेवायचा असेल तर तो सीड फ्रेजच्याच कागदावर लिहू नकोस, वेगळ्या वहीत लिही, कारण तो विसरलास तर व्हॉट्सॲपवाल्यांनाही तुझा बॅकअप उघडून देता येत नाही.