माळ्यावरची पेटी

प्रश्न : माझे आबाजी महार रेजिमेंटमध्ये होते. त्यांची पत्र्याची पेटी यंदा माळ्यावरून खाली उतरवली. दोन काळी पडलेली पदकं, टोपीचा बिल्ला, लोकरी कोट आणि कातडी पट्टा निघाला. २६ जानेवारीला शाळेत मांडायचं म्हणून भाऊ सगळं चिंच-राखेनं घासायला निघालाय. घासावं का? की रेजिमेंटच्या संग्रहालयाला देऊन टाकावं?
— एक वाचक, ता. राळेगाव

उत्तर : ताई, भावाला आधी थांबवा. मी बारा वर्षं एका रेजिमेंटचं संग्रहालय सांभाळलं. रुजू झालो त्याच आठवड्यात मोठे साहेब येणार होते, म्हणून मी एक जुनं पदक ब्रासोनं घासलं. फौजेत बक्कल चमकलं नाही तर शिक्षा, हाताला तीच सवय. पदक लखलखलं, पण कडेवर कोरलेल्या नावाची आधीच झिजलेली दोन अक्षरं पुसली गेली. ती गोष्ट मला अजून टोचते. दुसऱ्या महायुद्धातल्या आपल्या शिपायांच्या पदकांवर बहुधा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. तुमच्या पदकांच्या कडा भिंगातून बघा, दिसेल ते वहीत उतरवा. काळेपणा राहू द्या, मऊ सुती कापडानं नुसती धूळ टिपा.

बिल्ला नीट बघा. त्यावर नुसता कोरेगावचा विजयस्तंभ असेल, तर तो १९४१ ला रेजिमेंट उभी राहिली त्या सुरुवातीच्या वर्षांतला. १९४६ मध्ये ती मशिनगन रेजिमेंट झाली तेव्हा स्तंभासोबत व्हिकर्स गनही आल्या. तेव्हा रेजिमेंटचं सेंटर, म्हणजे मुख्य केंद्र, आपल्या कामठीला होतं, आता मध्य प्रदेशात सागरला आहे.

कोटाला कसर लागली असेल तर तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढून चिकटपट्टीनं बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. आइस्क्रीमवाल्याला विचारा, आजोबांचा कोट म्हटल्यावर नाही म्हणणार नाही. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर कापडावर पाणी धरतं. डांबरगोळ्या कापडाला लागू देऊ नका. पट्ट्याच्या पितळेभोवतीचा हिरवा थर लाकडी काडीनं हलकेच काढा, तेल लावू नका. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात हमखास होणारी चूक म्हणजे या वस्तू कूलरच्या खोलीत ठेवणं. त्या दमट हवेनं लोकरीला बुरशी धरते.

शाळेत जरूर मांडा, पण एकच दिवस, उन्हापासून दूर.

सागरच्या संग्रहालयाला द्यायचं ठरलं तर आधी पत्र लिहा, वस्तूंची यादी आणि फोटो पाठवा, कायमची भेट की काही काळापुरती ते स्पष्ट लिहा, आणि नोंद क्रमांकासह पोच घ्या. त्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. आबाजी कोणत्या पलटणीत होते, सुट्टीवर कोणत्या स्टेशनावर उतरायचे, हे विचारून लिहा. संग्रहालयात नाव-गाव नसलेले कोट पुष्कळ आहेत.

आणि कोटाचे खिसे तपासलेत का? काही सापडलं तर कोणत्या खिशात होतं, तेही लिहून ठेवा.