ससा म्हातारा झालाय, ट्रेमध्ये चढता येत नाही, कमी उंचीचा ट्रे कुठं मिळेल?

तुम्ही निपाणीहून लिहिलंय की ससा ७ वर्षांचा झालाय, मागचे पाय नीट उचलत नाही, ट्रेच्या काठाशी जाऊन थांबतो आणि तिथंच बाहेर सू करतो. आधी एवढंच सांगते, त्याला रागवू नका. काठापर्यंत जातोय म्हणजे जागा त्याला बरोबर माहीत आहे, पाय उचलताना दुखतंय म्हणून थांबतोय बिचारा.

आमची म्हातारी सशी कापशी, तिचं पण हेच झालं होतं. मी बेळगावात टिळकवाडीत राहते, इथली पेट शॉप पालथी घातली, सगळीकडे मांजराचे ट्रे, काठ चार-पाच इंच, आणि सशाचा म्हणून दाखवतात तो कोपऱ्यातला तिकोनी, त्यात धडधाकट ससा पण वळू शकत नाही. तयार मिळायची वाट बघू नका, घरीच कापून करा की.

मी गणपत गल्लीतून चादरी ठेवायचा मोठा प्लास्टिकचा डबा आणला, कापशी आडवी पसरली तरी मावेल एवढा, आणि एका लांब बाजूला वीतभर रुंद दार हॅक्सॉ ब्लेडनं कापलं, खाली फक्त दोन बोटं काठ ठेवला. बाकी तीन बाजू उंचच ठेवा बरं का, सांधे आखडलेला ससा पूर्ण खाली बसत नाही, ढुंगण वर राहतं आणि धार मागं भिंतीवर जाते. कापलेली कड पॉलिश पेपरनं घासली आणि स्वतःच्या गालावरून फिरवून बघितली, कारण तिचं पोट रोज त्याच कडेवरून घासत जाणार होतं. कडेला टेप लावू नका, कुरतडून खातात.

आणि घसरणं, ह्याच्याकडं कोण बघतच नाही. वाट गुळगुळीत टाइल्सची असली तर ट्रे कितीही खाली करा, तो येणारच नाही. मी जुनी सतरंजी दारापर्यंत अंथरली, धागे निघालेली नको तेवढं बघा.

आत तळाला वर्तमानपत्राच्या घड्या, वर मऊ वाळलेलं गवत जाड पसरा. खानापूरकडचं भाताचं पिंजर पण चालतं, फक्त कोरडं पाहिजे, बुरशीचा वास आला तर नको. मांजराची गोळा होणारी वाळू अजिबात नको, पोटात गेली तर आत अडकते. खायचं गवत ट्रेच्याच एका टोकाला ठेवा, ससे खाता खाता लेंड्या टाकतात, त्यामुळं आपोआप आत थांबतो.

रोज दोनदा शेपटीखाली बघा. ओल्यात बसला की कातडी लाल होते, केस जातात, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तिथं माशीनं अंडी घातली तर २४ तासांच्या आत अळ्या होऊ शकतात. पूर्ण अंघोळ नको, तेवढाच भाग कोमट पाण्यानं पुसून नीट कोरडा करायचा.

ट्रे झाला तरी डॉक्टरांना दाखवायचंच. सांधेदुखी असेल, पाठीच्या मणक्याचं असेल, नाहीतर ई. क्युनिक्युली नावाच्या परजीवीनं पण मागचे पाय जातात, त्याला फेनबेंडाझोल हे जंतांवरचं औषध बहुतेक २८ दिवस देतात. दुखण्यावर मेलॉक्सिकॅम देतात पण डोस डॉक्टरच ठरवतील, घरातली आपली गोळी फोडून देऊ नका. पाय अचानक गेले किंवा खाणं बंद झालं तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

नवा ट्रे जुन्याच जागी ठेवा आणि जुन्यातलं थोडं ओलं गवत त्यात टाका, वासानं कळतं त्याला. कापशीनं पहिल्या दिवशी पुढचे दोन पाय आत टाकले, बराच वेळ तशीच वास घेत थांबली, मी श्वास धरून बघत बसले होते, आणि मग मागचं सगळं अंग तिनं हळूच आत ओढून घेतलं.